मिंधेपण आणि कृतज्ञता : वार्धक्याच्या मराठी चित्रणातील एक दुर्लक्षित भेद

प्रास्ताविक

वार्धक्य हा विषय मराठी साहित्याला नवा नाही. मात्र त्याची चर्चा बराच काळ एकाच वाटेने चालत आलेली आहे. वर्गात, चर्चासत्रात किंवा प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत ‘मराठी साहित्यातील वृद्ध’ असा विषय निघाला की पहिले नाव ‘नटसम्राट’चे येते, दुसरे ‘संध्याछाया’चे. त्यानंतरची चर्चा विभक्त कुटुंब, मुलांचे स्थलांतर, वृद्धाश्रम आणि संस्कारांचा ऱ्हास या ठरलेल्या थांब्यांवरून पुढे सरकते. हे मुद्दे निराधार आहेत असे कोणी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. तेव्हा उपेक्षित वृद्धांचा प्रश्न खराच आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप निराळा आहे. या चर्चेत वृद्ध व्यक्ती ही कायम एका व्यवहारातील धनको असते आणि मुले ऋणको. कर्ज फिटले की बुडाले, एवढाच प्रश्न समीक्षेपुढे उरतो. आयुष्याच्या उत्तरार्धात माणूस स्वतः कोणाविषयी कृतज्ञ असतो, कशावर विश्वास ठेवून सकाळी उठतो, कोणाशी जोडलेला राहतो, हे विचारण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे समर्थ उत्तर देणारा एक ग्रंथ मराठीत नव्वद वर्षांपूर्वीच लिहिला गेला आहे. तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. या ग्रंथाचे वाचन वार्धक्याचे लेखन म्हणून करून पाहावे, असा येथे हेतू आहे.

शब्दांपासून आरंभ

मराठीत उपकाराच्या अनुभवासाठी दोन अगदी भिन्न जातींचे शब्द आहेत. ‘कृतज्ञता’ हा संस्कृत शब्द. त्याची फोड सर्वांना ठाऊक आहे. जे केले गेले ते जाणणारा तो कृतज्ञ. या शब्दात परतफेडीचा उल्लेखही नाही; जाणणे एवढीच त्याची मागणी आहे. दुसरा शब्द ‘मिंधा’. उपकाराखाली वाकलेला, ज्याला आता मान वर करून बोलता येत नाही असा माणूस म्हणजे मिंधा. मराठी मध्यमवर्गीय वृद्धांच्या बोलण्याकडे लक्ष दिले तर त्यांचे खरे भय मरणाचे नसते. ‘हातपाय चालते आहेत तोवर’ हे पालुपद घराघरांत ऐकू येते, आणि त्याचा अर्थ ‘मी मिंधा होण्यापूर्वी’ एवढाच असतो. आपल्याकडील वार्धक्याचे बहुतेक साहित्य या भयाचे साहित्य आहे. कृतज्ञतेची कसोटी त्यात क्वचितच लागते; कारण मिंधेपणाच्या भयाने ग्रासलेल्या मनाला घेणे हेच मुळी अपमानास्पद वाटते.

येथे ऋणकल्पनेचाही थोडा विचार करणे आवश्यक आहे. मातापित्यांचे ऋण मुलांनी फेडावे ही आपली परंपरा, असे सरसकट सांगितले जाते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे म्हटले आहे. त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजोत्पादनाने फिटते. म्हणजे पितृऋण ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच परत द्यायचे असते असे नव्हे. ते पुढच्या पिढीच्या हाती सोपवायचे असते. श्राद्धादी विधी आहेतच, आणि आईवडिलांच्या सेवेचा उपदेशही धर्मग्रंथांत जागोजागी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ऋणाची मूळ दिशा पुढे वाहणारी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘मी तुझ्यासाठी एवढे केले’ या वाक्याला परंपरेचा जितका आधार आहे असे आपण मानतो, तितका तो नाही असे दिसते.

रोजच्या व्यवहारातील मराठी कृतज्ञतेला तर शब्दही फारसे लागत नाहीत. आभार मानणे ही आपल्याकडे सभेची गोष्ट आहे. आणि महाविद्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की आभारप्रदर्शन हा कार्यक्रमपत्रिकेतील शेवटचा विषय सुरू होईपर्यंत निम्मे सभागृह चपला शोधू लागलेले असते. घरात मात्र शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवू नये, हा संकेत पाळला जातो. वाटीभर आमटी आली तर परत जाताना वाटीत मूठभर शेंगदाणे, लिंबाची फोड, निदान साखरेचे चार दाणे तरी असतात. त्या साखरेने आमटी फिटत नाही, आणि फिटावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. येणेजाणे चालू राहावे एवढाच त्याचा अर्थ. या संकेताची राखण पूर्वीपासून घरातील वयस्क स्त्रीकडे असे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

‘नटसम्राट’ : हिशेबाची शोकांतिका

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले अप्पासाहेब बेलवलकर, १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि २०१६ साली आलेला चित्रपट यांमुळे हे नाटक चार पिढ्यांच्या स्मरणात राहिले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी असलेले त्याचे नाते वारंवार चर्चिले गेले आहे, त्याची पुनरावृत्ती करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने पहावयाचे ते दान. रंगभूमीवरून निवृत्त झालेला नट आपले सर्वस्व मुलांना देऊन टाकतो. हे देणे खरोखर उदार आहे; पण त्याच्या पोटात एक न लिहिलेला करार आहे. देणाऱ्याचे सम्राटपण घेणाऱ्यांनी मान्य करीत राहावे, असा तो करार. मुलाच्या घरी तो मोडतो, मुलीच्या घरी चोरीच्या आळापर्यंत जातो. त्यानंतर अप्पासाहेबांच्या स्वगतांतून जो आक्रोश उसळतो तो भाकरीसाठी केलेला आक्रोश नव्हे. आपण दिलेल्याची जाण कोणालाच राहिली नाही, हे त्याचे मूळ आहे.

पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीचा कायदा भारतात २००७ साली झाला. त्यातील तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली न गेल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मिळविता येते. अप्पासाहेबांना हा कायदा उपयोगी पडला असता काय? माझ्या मते नाही. त्यांनी अट घातलीच नव्हती. अट घालणे त्यांच्या सम्राटपणाला शोभले नसते. कायद्याला लिखित किंवा निदान सिद्ध करता येईल अशी अट हवी. बेलवलकरांना अट न घालताही पाळली जाणारी अट हवी होती. नाटकाची शोकांतिका या फटीत आहे, आणि म्हणून केवळ दुष्ट मुले आणि सज्जन बाप एवढ्यावर तिचे वाचन थांबवणे म्हणजे शिरवाडकरांवर अन्याय करणे होय.

हे नाटक स्वतःच आपल्या नायकाच्या हिशेबाला छेद देणारी दोन माणसे उभी करते, याकडे मात्र समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एक कावेरी. अप्पासाहेब तिला प्रेमाने ‘सरकार’ म्हणतात. त्या एका संबोधनात जेवढी कृतज्ञता आहे तेवढी त्यांच्या भव्य स्वगतांत नाही. दुसरा बूटपॉलिश करणारा राजा. त्याच्यावर अप्पासाहेबांनी कोणताही उपकार केलेला नाही, त्याला काही दिलेले नाही. तरी तो त्यांना जवळ करतो. म्हणजे ज्यांना सर्वस्व दिले त्यांच्याकडून काही मिळाले नाही, आणि ज्याला काहीच दिले नाही त्याच्याकडून आसरा मिळाला. खातेवहीच्या तर्काने याचा उलगडा होत नाही. अप्पासाहेब राजाजवळ मिंधे होत नाहीत, याचे कारण या नात्याला मुळी जमेची बाजूच नाही. प्रेक्षक मात्र स्वगते पाठ करतात आणि राजाला विसरतात.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’विषयी थोडक्यात. सत्तरच्या दशकातील या नाटकात हिशेब नाही, तक्रारही जवळजवळ नाही. आहे ती रिकामी संध्याकाळ. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, आणि घरात दोघेच वृद्ध. त्यांचे सारे जोडलेपण दोन मुलांवर टांगलेले आहे, आणि ते दोन खिळे निखळल्यावर भिंतीवर दुसरे काही उरत नाही. हे नाटक बेलवलकरांच्या नाटकाहून शांत आहे आणि मला ते अधिक भयावह वाटते.

‘स्मृतिचित्रे’ : जाणणाऱ्या वयाचे लेखन

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे हा ग्रंथ साठी ओलांडलेल्या, पतीच्या मृत्यूनंतर दीड दशक लोटलेल्या स्त्रीने लिहिला आहे. ही साधी गोष्ट वाचताना आपल्याला विसरायला होते. कारण निवेदनातील मुलगी अकरा वर्षांची आहे, तरुणी भांडते आहे, रुसते आहे, हसते आहे. मराठी समीक्षेने या ग्रंथाच्या सहजतेचे, विनोदाचे आणि प्रांजळपणाचे भरपूर कौतुक केले. परंतु ही सहजता कोणत्या वयाची आहे, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

अमेरिकन मनोचिकित्सक रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलेली ‘जीवनावलोकना’ची कल्पना येथे उपयोगी पडते. म्हाताऱ्या माणसांचे आठवणींत रमणे हे त्या काळी बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जात असे. बटलर यांनी म्हटले की ही उत्तरायुष्यातील स्वाभाविक आणि आवश्यक प्रक्रिया आहे. माणूस जुने प्रसंग पुन्हा समोर मांडून त्यांच्याशी समेट करू पाहतो. हे अवलोकन नेहमी सुखद होते असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यातून पश्चात्ताप आणि नैराश्यही येऊ शकते. लक्ष्मीबाईंचा ग्रंथ या प्रक्रियेचा नमुना म्हणून वाचता येतो. पण त्यात एक गोष्ट बटलर यांच्या आराखड्यापेक्षा अधिक आहे, ती म्हणजे हसू.

वडिलांच्या सोवळ्याचे उदाहरण घ्यावे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध करण्याच्या त्यांच्या अट्टहासाने घरातील सर्वांचे जिणे अवघड केले होते. लहान मुलीला ते जाचकच वाटले असणार. लिहिणारी वृद्धा मात्र तो सारा प्रकार असा रंगवते की वाचकाला हसू आवरत नाही. तरीही ती वडिलांची टवाळी करीत नाही. कारण १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आणि तिने घरावर धरलेली सावली तिने आपल्याला आधीच सांगून ठेवलेली असते. मुलीला जाच तेवढा दिसला होता. साठीतल्या स्त्रीला त्याच्यामागचे भय दिसते. ‘कृत-ज्ञ’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे लागू होतो. जे झाले ते तिने जाणले आहे. त्याला चांगले म्हणण्याची सक्ती तिने स्वतःवर करून घेतलेली नाही.

पतीच्या बाबतीत ही कसोटी फार कठीण होती. नारायण वामन टिळक हे मोठे कवी, मनस्वी आणि दानशूर; आणि संसाराच्या दृष्टीने पाहिले तर बेभरवशाचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने हा नवरा जिवंत असताना आलेला वनवास होता. पुढची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलासह नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या; त्यांपैकी काही काळ पंढरपुरात. मिंधेपण म्हणजे काय याचा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही. आश्रित स्त्रीला दर घासाला जाणवणारे ते ओझे त्यांनी भोगले आहे. या काळाचे त्यांचे वर्णन पुन्हा वाचावे. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याविषयीची ओल त्यात आहे. ज्याच्यामुळे ही वेळ आली त्याच्यावरील रागही लपवलेला नाही. आणि त्याच्या ओढीने होणारी तगमगही. तिन्ही भाव एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसतात, आणि लेखिका त्यांच्यात तडजोड घडवून आणण्याची घाई करीत नाही.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवीत आहे; कारण कृतज्ञता म्हटले की एक धोका संभवतो. वृद्ध स्त्रीने, विशेषतः विधवेने, कृतज्ञ असावे ही मागणी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. ‘दोन वेळचे मिळते आहे ना?’ हा प्रश्न कृतज्ञतेचे नाव घेऊन गप्प बसविण्यासाठीच विचारला जातो. म्हणून सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक वाचक अस्वस्थ झाले. साठी ओलांडलेल्या स्त्रीने सहजीवनाचा जमाखर्च इतक्या स्पष्टपणे मांडावा, हे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले. माझ्या मते ते पुस्तक ‘स्मृतिचित्रे’चे विरोधी टोक नसून त्याच घराण्यातले आहे. जे झाले ते जाणल्याशिवाय कृतज्ञता संभवत नाही, आणि जाणणे म्हटले की अप्रिय तेही जाणावे लागते. दोन्ही लेखिकांत फरक आहे तो स्वभावाचा. लक्ष्मीबाईंच्या जाणण्याला विनोदाचे वंगण आहे, सुनीताबाईंच्या जाणण्याला विवेकाची धार आहे.

अलीकडे मानसशास्त्रातून आलेली कृतज्ञतेची चर्चा या पार्श्वभूमीवर काहीशी सपाट भासते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलॉ यांचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. काही जणांना त्यांनी कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टींची नियमित नोंद करावयास सांगितले, काहींना त्रासाच्या गोष्टींची, आणि पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटू लागल्याचे त्यांना आढळले. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर स्नायू-मज्जातंतूंच्या विकाराने आजारी असलेली माणसेही होती. या अभ्यासाचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यातून पुढे जी ‘रोज पाच गोष्टी लिहा’ पद्धतीची वही घरोघर पोचली, तिच्यात त्रासाच्या गोष्टी वेगळ्या पानावर गेल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्या एकाच पानावर आहेत, किंबहुना जी गोष्ट त्रासाची तीच पुष्कळदा आभाराचीही आहे. घरखर्चाचे पैसे भलत्याच कामी खर्चून आनंदात घरी येणारा नवरा कोणत्या रकान्यात घालावा?

श्रद्धा : स्वयंपाकघरापासून ओवीपर्यंत

लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेचा प्रवास धर्मशास्त्राच्या वादातून झालेला नाही. तो पाणी, अन्न आणि शिवाशीव यांच्या वाटेने झाला. माणसाने माणसाच्या हातचे पाणी का नाकारावे, हा प्रश्न त्यांना रोजच्या जगण्यात पडला, आणि जातिभेद देवाने केलेला नाही हे उत्तर त्यांनी आपल्या मनाशी गाठले, दीक्षा त्यानंतरची. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या मुलीच्या दृष्टीने हा टप्पा केवढा मोठा होता हे वेगळे सांगावयास नको. परंतु प्रौढ वयात या बदलाची कथा सांगताना त्या विजयाच्या सुरात बोलत नाहीत. जुन्या धर्मातील माणसे त्यांच्या लेखनात उपहासाचा विषय होत नाहीत. आपण सोडून आलेल्या घराविषयी माणूस कसा बोलतो, ही त्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा मानली तर त्या परीक्षेत लक्ष्मीबाई अनेक मोठ्या विचारवंतांच्या पुढे आहेत.

याच संदर्भात पंढरपूरची आठवण येते. पुंडलिकाची कथा मराठी मनावर कोरलेली आहे : आईवडिलांच्या सेवेत गढलेला मुलगा देवालाही विटेवर थांबवतो. श्रावणाची कथाही तशीच. दोन्ही कथांत मुलाची सेवा आहे, मुलाचे पुण्य आहे. पण ज्यांची सेवा झाली त्या वृद्धांचे मनोगत नाही. श्रावणाचे आईवडील बोलतात ते मुलगा गेल्यानंतर, शाप देण्यापुरते. पुंडलिकाच्या आईवडिलांना त्या सेवेविषयी काय वाटले, हे आख्यानकार सांगण्याच्या भरीस पडत नाहीत. निराधार वृद्धांसाठीच्या महाराष्ट्र शासनाच्या निवृत्तिवेतन योजनेला ‘श्रावणबाळ’ हे नाव आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. शासनाने मुलाची भूमिका स्वीकारली, हे उत्तमच झाले. रक्कम पुरेशी आहे की नाही हा वाद वेगळा. पण नाव देताना पुन्हा सेवा करणाराच डोळ्यांपुढे आला, घेणारा नव्हे, हे सूचक आहे. मराठी संस्कृतीने देणाऱ्याच्या कथा रचल्या. घेणाऱ्याला बोलते केले ते ‘स्मृतिचित्रे’सारख्या ग्रंथाने.

वारीच्या वाटेवर मात्र घेणे-देणे यांची सीमा पुसट होते. तेथे लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठाही लहानाच्या; दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. सत्तरीतील शेतकरी आणि विशीतील विद्यार्थी यांच्यात त्या क्षणी कोण कोणाचा ऋणी हे ठरविता येत नाही. याचा अर्थ वारीत सारे भेद मिटतात असा नव्हे. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’मधील ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतल्या जातवार पंगतींची नोंद करून ठेवली आहे, आणि आपली अस्वस्थताही लपवलेली नाही. भक्तीच्या आनंदात असतानाही त्यांना पंगत दिसली, म्हणून त्या लेखातील आनंदावर वाचकाचा विश्वास बसतो.

जोडलेपण : रक्ताच्या पलीकडे

‘संध्याछाया’तील दोन खिळ्यांचा उल्लेख वर आला. टिळकांच्या घराची भिंत याच्या अगदी उलट होती. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील त्यांच्या बिऱ्हाडात स्वतःच्या मुलांबरोबर परकी, पोरकी, शिकायला आलेली मुले कायम असत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, त्यांच्यातलेच एक. घरच्या मुलासारखे ते तेथे राहिले. १९१८ साली रेल्वेखाली सापडून त्यांचा अकाली अंत झाला. ‘स्मृतिचित्रे’तील बालकवी हे निसर्गकवी नाहीत, हट्ट करणारे, रुसणारे, जेवायला बोलवावे लागणारे मूल आहेत. प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या छावणीत केलेली शुश्रूषा, दारी टाकलेल्या मुलांचा सांभाळ, या साऱ्याची हकिकत त्या सांगतात ती आपण समाजसेवा केली अशा सुरात नव्हे. त्या वेळी त्या दमलेल्या होत्या, चिडलेल्या होत्या, पैशाची विवंचना होती. आणि मूल समोर होते. एवढेच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. लक्ष्मीबाईंना सांभाळणारा मुलगा होता, लेखनाला उत्तेजन देणारे घर होते. टिळकांचे चरित्र सिद्ध करण्यासाठी आठवणी लिहून दे, ही मुलाचीच मागणी होती. ज्याला घराबाहेर काढले गेले त्याला लक्ष्मीबाईंची कृतज्ञता शिकविणे हा क्रूर विनोद ठरेल. शेतमजूर स्त्रीला तर निवृत्तीच नसते. तिच्या वार्धक्याची चर्चा नाट्यगृहातील मध्यमवर्गीय दुःखाच्या चौकटीत बसत नाही. हे सर्व मान्य करून मला एवढेच म्हणावयाचे आहे की निवारा, औषध आणि चरितार्थ हे हक्काचे विषय आहेत आणि ते हक्क म्हणूनच मिळाले पाहिजेत. २००७ चा कायदा त्यासाठी आहे. तो अपुरा असेल तर सुधारावा. हक्क म्हणून जे मिळते त्याने माणूस मिंधा होत नाही, हा त्याचा मोठा गुण. किंबहुना मिंधेपणाचे भय दूर झाल्यावरच कृतज्ञतेला मोकळी जागा मिळते. समीक्षेने मात्र पहिल्या प्रश्नाचे दुःख दाखवून दुसऱ्याची चर्चा संपली असे मानू नये. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळांवर काम करणाऱ्यांना माझी सूचना आहे की ‘नटसम्राट’ शिकविले जाते तेथे ‘स्मृतिचित्रे’चा उत्तरार्धही त्याच सत्रात असावा. बालपणाच्या विनोदी प्रसंगांचे उतारे घेऊन पुस्तक मिटवणे पुरेसे नाही.

उत्तरार्धाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य ओवी छंदात रचावयास घेतले होते. ते सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबले. लग्नाच्या वेळी ज्या मुलीला लिहितावाचताही येत नव्हते, जिला या नवऱ्यानेच अक्षर शिकविले होते, तिने उतारवयात ते काम हाती घेऊन आणखी ६४ अध्याय रचले. कवी म्हणून आपण टिळकांच्या तोडीच्या आहोत असा दावा त्यांनी कधी केला नाही, आणि काव्यगुणाच्या दृष्टीने ‘ख्रिस्तायन’ची बरोबरी ‘स्मृतिचित्रे’शी करता येणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण रचनेचा छंद पाहावा. ही ओवी जात्यावरची, ही ओवी ज्ञानेश्वरांची. सोवळ्याच्या घरात लहानपणी कानांवर पडलेली तीच लय साठीनंतर नव्या देवाची कथा सांगण्यासाठी त्यांनी वापरली. ग्रंथ छापून आला तो १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.